सहावं बिऱ्हाड

आमच्या थोरलीला बघायला ग्वाल्हेरची मंडळी आली होती. पोहे झाले, लाडू फिरले, मुलाचे वडील आता पत्रिकेचा विषय काढणार, तेवढ्यात आमचे घरमालक नाना पाळंदे यांनी खिशातून व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे केसभर जाडीही मोजणारं माप काढलं.

"पत्रिका राहू द्या जी," ते म्हणाले. "मुलगा मुलीपेक्षा केसभर हट्टी आहे का, तेवढं सांगा. केसभरच हवा. कमी असला तर ढिला पडतो, जास्त असला तर दांडा वाकतो."

मंडळी लाडू अर्धवट टाकून उठली. पोरीचं लग्न पुढे दुसरीकडे छान झालं, पण माझी बायको त्या दिवसाचं खापर अजून कॅलिपरवर फोडते.

नाना रेल्वेच्या हिशेब खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅनडात. झाशीतल्या त्या घरात खालच्या मजल्यावर नाना एकटे, वर आम्ही भाडेकरू. लोक खिशाला पेन लावतात, नाना कॅलिपर लावत. त्यांनी बेसनाचे लाडू मापले होते, हिच्या बांगड्या मापल्या होत्या, एकदा तर देवळातून आणलेलं तीर्थाचं रुद्राक्ष मापून ते 'आउट', म्हणजे मापाबाहेर असल्याचा निकाल दिला होता.

या सगळ्याचं मूळ एका नकली रिव्हॉल्व्हरात होतं. नकली म्हणजे खेळण्यातलं नव्हे. जुन्या काळच्या अमेरिकन रिव्हॉल्व्हरची इटलीत बनलेली हुबेहूब नक्कल, खरी गोळी मारणारी. नानांचे फौजेतले मामेभाऊ ते परदेशातून घेऊन आले आणि मरताना नानांना देऊन गेले. रीतसर परवाना होता. कुणाला शंका आली तर नाना तो दाखवत. नाही आली तरी दाखवत.

यात काडतूस नसतं. सिलिंडरच्या प्रत्येक खणात आधी दारू घालायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालचा दांडा दाबून ती आत ठासायची. घोडा दर बाराला अंगठ्याने मागे ओढायचा. गोळी खणापेक्षा केसभर मोठी हवी, म्हणजे ठासताना तिच्या कडेचं शिसं सोलून निघतं आणि एक बारीक कडं बाहेर पडतं. कडं पडलं की समजायचं, गोळी घट्ट बसली. नाही पडलं, तर शेजारच्या खणाची ठिणगी आत शिरून सगळे बार एकदम उडायची भीती.

"कडं पडलं का?" हा म्हणून नानांचा सार्वत्रिक प्रश्न. माझ्या बढतीबद्दल तो विचारला, पोरीच्या निकालाबद्दल विचारला. मला बद्धकोष्ठ झालं होतं तेव्हाही जिन्यात उभं राहून, मोठ्याने, हाच विचारला.

त्यांच्या भाषेत सिलिंडरमध्ये सहा बिऱ्हाडं होती. "पाच सज्जन आहेत, भैया. सहाव्याचं तोंड मोठं." कारखान्यात सहावा खण जरा जास्त कोरला गेला होता, त्यामुळे पाच खणांत कडं पाडणारी गोळी सहाव्यात अलगद सरकून जाई. तोंड मोठं म्हणताना नाना नेमके आमच्या खिडकीकडे बघत. तिथे बहुधा आमची ही उभी असे.

शिसं आणायला ते बड्या बाजारात जात आणि मला ओढून नेत. शिसं शुद्ध हवं, नख दाबलं की खूण उमटली पाहिजे. नानांची नखं आणि दुकानदाराचा संयम यांची तिथे कसोटी लागे. "काय नाना जी," तो एकदा वैतागून म्हणाला, "सीसा लैबे आए हौ के बहू देखबे?" शिसं घ्यायला आलात की सून बघायला, हे ऐकून लाजलेल्या नानांनी त्या दिवशी नख न लावता माल घेतला. तो जुन्या बॅटरीचा निघाला, दगडासारखा कडक. ठासताना दांडा वाकला. आठवडाभर नानांच्या घरात सुतक होतं.

दांडा सरळ करून दिला तो सुभेदार जाधवांनी. हे मूळचे वाईकडचे, जवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत पोस्टिंग. आमच्या मराठी मंडळींच्या गणपतीत नानांनी त्यांना प्रसादाऐवजी शिशाची गोळी दाखवली आणि तेव्हापासून दर रविवारी त्यांची मोटरसायकल आमच्या दारात लागू लागली. अंगणात शेगडी पेटायची, शिसं वितळायचं, साच्यात ओतलं जायचं, आणि आमच्या हिचे वाळत घातलेले पापड धुरकट व्हायचे. "एक दिवस या दोघांना मी त्या शेगडीवर वितळवीन," ती म्हणायची.

सुभेदारांनी नानांना शब्द दिला होता. कँटोनमेंटच्या पलीकडे नेमबाजी क्लबाचं मैदान होतं. हिवाळ्यात तिथे जुन्या धर्तीच्या हत्यारांची स्पर्धा होई. "माझी बदली व्हायच्या आत तुमच्या हातनं सहाच्या सहा बार काढायचे. मंग मी झाशी सोडायला मोकळा." नानांनी आयुष्यात त्या रिव्हॉल्व्हरातून एकही बार काढला नव्हता. सहावं बिऱ्हाड बसेना, म्हणून.

"आवं नाना, जाणती मानसं पाचच भरत्यात," सुभेदार समजावत. "एक घर रिकामं ठेवायची रीतच हाय."

"रिकामी घरं माझ्याकडे पुष्कळ आहेत," नाना म्हणत. "हे भरायचं."

मग पुन्हा शेगडी. गोळी कधी ढिली व्हायची, कधी एवढी जाड की खणाच्या तोंडावरच बसायची. दोन हिवाळी स्पर्धा आमच्या डोळ्यांदेखत निघून गेल्या. सुभेदार सांगत, बदलीचा कागद आता कधीही येईल. नाना मान डोलवत आणि कॅलिपर पुसत.

तिसऱ्या हिवाळ्यात कागद आला. सुभेदार रविवारी आले ते उभ्याउभ्याच. "नाना, आसामला चाललो. परवा गाडी हाय. स्पर्धा आजच हाय. पाच तर पाच, चला."

नाना उठले. आत गेले आणि हिंगाची एक डबी घेऊन आले. मलाही म्हणाले, "चला, साक्षीदार पाहिजे."

मैदानावर नानांनी एकेक गोळी ठासली. पाच कडी पडली. मग त्यांनी डबी उघडली, त्यातली गोळी सहाव्या खणावर ठेवली आणि दांडा दाबला. चकचकीत, अखंड कडं टेबलावर पडलं.

"नाना!" मी ओरडलोच. "हे कधी जमलं?"

"झाले बरेच दिवस." ते सुभेदारांकडे न बघता बोलत होते. "साच्याच्या दोन अर्ध्या भागांमध्ये पतंगाचा कागद ठेवला, की गोळी केसभर मोठी होते. सोपं आहे."

"मग सांगितलं का नाही?"

नानांनी रिव्हॉल्व्हर उचललं. ते नेमबाजीला उभे राहिले. सहा बार झाले, प्रत्येकाला नाना स्वतःच दचकले, आणि इतका धूर झाला की पंच खोकत बाजूला झाले. धूर निवळल्यावर नानांच्या निशाणाचा कागद कोरा होता. शेजारी नेम धरून उभ्या असलेल्या एका डॉक्टरांच्या कागदावर मात्र एक भोक जास्त निघालं. डॉक्टरांनी ते मोठ्या मनाने ठेवून घेतलं.

परत येताना सुभेदार म्हणाले, "पतंगाच्या कागदाचं मला पैल्याच हिवाळ्यात म्हाईत होतं, नाना."

नाना थांबले. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो असतो तर स्पर्धा झाली असती. मंग रविवारी कुटं गेलो असतो?" सुभेदार रस्त्याकडे बघत म्हणाले. "वडील गेल्यापासनं माझी कुनी वाट बघत बसत नव्हतं."

नानांनी त्यांचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. मला त्या दोघांकडे बघवेना. एरवी टिंगल करायला मी एका पायावर तयार असतो, त्या दिवशी मी दोन पावलं मागे राहून चालत आलो.

पुढच्या रविवारी अंगणात शेगडी पेटली नाही. नाना ओट्यावर बसून होते, कॅलिपर उघडत होते, मिटत होते. दाराशी एखादी मोटरसायकल वाजली की मान वर करत. आमची ही खिडकीतून बराच वेळ बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, पिठाच्या डब्याचं चांगलं घट्ट बसणारं झाकण काढलं आणि त्याच्या कडेवर खलबत्त्यातल्या बत्त्याने दोन सणसणीत घाव घातले.

"जा," ती माझ्या हातात झाकण आणि डबा कोंबत म्हणाली. "नानांना सांगा, बसत नाही."

मी खाली गेलो. नानांनी झाकण उलटंसुलटं केलं, कॅलिपर लावला, डब्याचं तोंड मापलं आणि मला बसायला पाट सरकवला.

"भैया, हे काम एका दिवसाचं नाही," ते म्हणाले. "दर रविवारी यावं लागेल."