क्वेश्चन राव

तमिळ मुलखातल्या आमच्या मराठी गल्लीतले सखाराम राव गेलं वर्षभर बिनसाखरेची कॉफी पितात. मधुमेह वगैरे काही नाही. कोपऱ्यावरचा कॉफीवाला रोज मोठ्या आदराने इंग्रजीत विचारतो, "सर, शुगर वाँट?" आणि चुकीच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हे रावांचं ब्रीद. "'डू यू' घरी ठेवून आलास?" एवढं त्याला तमिळमध्ये विचारून ते कडू कॉफी संपवतात. ऑटोवाल्याने "वेअर गोइंग, सर?" म्हटलं, की महामहम तलावापासून भर उन्हात चालत घरी येतात.

राव निवृत्त इंग्रजी मास्तर. गल्लीत नाव क्वेश्चन राव. त्यांच्या वारलेल्या बायकोची आठवण काढून आई म्हणते, "मामी होती तोवर घरात मराठी तरी होती. ती काहीही, कसंही विचारायची आणि हे निमूट सांगायचे."

माझ्यावर त्यांची मर्जी आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले म्हणून नव्हे. मी कुणाला काही विचारतच नाही, म्हणून. "शी मेक्स नो मिस्टेक्स," असं ते आईला सांगतात.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर क्लास भरतो. शाळा उघडल्यापासून तिथे फक्त प्रश्न चाललेत. टेन्स नाही, निबंध नाही. शेवटी गल्लीतल्या आयांनी ठरवलं, सोमवारपासून पोरं स्टेशनजवळच्या ट्यूशनला घालायची. माझा भाऊही त्यात. रावांना सांगायला मला पाठवलं.

"तू इंग्लिश मीडियमची," आई म्हणाली. "तुझ्यावर ओरडायचे नाहीत."

मी खांबाआड उभी राहिले. रावांचा नियम असा, की प्रश्न फळ्याला नाही, माणसाला विचारायचा. माणूस म्हणजे ते स्वतः.

"डिड यू स्लीप वेल, सर?"

"नो. द फॅन वॉज मेकिंग अ नॉइज. नेक्स्ट."

"व्हॉट डिड यू कुक टुडे, सर?"

"रसम. टू मच सॉल्ट. आय एट इट."

माझ्या भावाने हात वर केला. "विल युअर सन कम फॉर दीपावली, सर?"

राव एकेक शब्द बोटावर मोजत गेले. चूक शोधत होते. सापडली नाही.

"करेक्ट," म्हणाले, आणि पुढच्या पोराकडे वळले.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. "आईने पाठवली ना गे? टेन्स कधी, हेच ना? विचार. पण नीट विचार."

निरोपाचं वाक्य मी घरून घोकून आणलं होतं. ते उच्चारलं की ओटा रिकामा. पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मे आय टीच द टेन्सेस, सर? आफ्टर युअर क्वेश्चन्स?"

रावांनी पुन्हा बोटांवर शब्द मोजले.

"यू मे," म्हणाले. "फाइव्ह ओक्लॉक. शार्प."

मग पोरं चपला घालून निघेपर्यंत थांबले, आणि हळू आवाजात म्हणाले, "साडेचारला आलीस तरी चालेल गे. मी घरीच असतो."