पोचलं का शेवटापर्यंत?

भोर संस्थानात उत्रोलीजवळच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा तिथले हेडमास्तर नाना गुरुजी मला रिकाम्या वर्गात पोरांच्या शेवटच्या रांगेत मांडी घालून बसलेले दिसले. मला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं.

"म्हणा मास्तर, 'धरण'."

म्हटलं.

"'ध' वाटेत सांडला. पुन्हा!"

सातव्या खेपेला ते म्हणाले, "पोचलं." मग शाळा भरली. हे रोजचंच.

पत्र्यावर पाऊस वाजतो म्हणून स्वतः वर चढून त्यांनी भाताचा पेंढा अंथरला होता. शुद्धलेखन चालू असताना रस्त्यानं बैलगाडी आली, की हा साठीचा माणूस मूठभर गवत घेऊन धावायचा आणि बैलांच्या गळ्यातल्या घंटांत कोंबायचा.

"गुर्जी, बैलं बी शाळंत घालायची का?" गाडीवान विचारायचे.

"बैल नकोत. पण ऐकू आलं नाही तर माझी पोरं बैल ठरतात!"

पहिले आठ दिवस मी पोट धरून हसलो. पुढं मात्र थक्क व्हायला लागलो. एवढी मेहनत मी देवासाठीही कुणाला घेताना पाहिली नव्हती.

एकदा मी शुद्धलेखन घातलं, 'भाटघरला मोठे धरण आहे.' धनगराच्या तानीनं लिहिलं, 'मोठे मरण आहे.' वर्ग खदखदला. मी वैतागलो, "ही पोर ऐकतच नाही!"

नाना ताडकन उठले. "'ऐकत नाही' म्हणू नका, मास्तर. ऐकू येत नसेल."

दुसऱ्या दिवशी तानीचा बाप दारात. "हिच्या डोस्क्यात काय शिरत न्हाई. मेंढरामागं धाडतो."

"घटकाभर थांबा," नाना म्हणाले. तानीच्या पाठीमागं जाऊन डाव्या कानाशी त्यांनी हळूच हाक मारली. ती ढिम्म. उजव्या कानाशी मारली, तशी वळली. नानांनी तिला पुढं, उजवा कान आपल्याकडं येईल असं बसवलं आणि तेच वाक्य घातलं.

बापानं पाटी उलटसुलट पाहिली. "मला वाचता येत न्हाई. बरूबर हाय का?"

"धरणच लिहिलंय! 'ध'सकट!" नाना म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या हितंच. मेंढरं म्या बघतो."

शाळा सुटल्यावर मी नानांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"माझी लेक यमू लहानपणी हाकेला ओ द्यायची नाही. ऐकत नाही म्हणून मी मारायचो. तिला ऐकूच येत नव्हतं, हे फार उशिरा कळलं." नाना पाटी पुसत राहिले. "आता मोठी झालीय. पण मी पागोटं काढायला हात वर केला, तरी दचकते."



सकाळी ते नेहमीप्रमाणं शेवटच्या रांगेत जाऊन बसले. "म्हणा मास्तर."

रात्रभर यमूच माझ्या डोळ्यांसमोर होती. 'धरण' कसंबसं उमटलं, 'ध' तर घशातच राहिला.

"पोचलं," नाना म्हणाले.