उद्दालकाचं बारसं

रामकृष्ण हरी! नाव ठेवावं तर कीर्तन ऐकणाऱ्या माणसानं. बाकीचे मोबाइलमध्ये बघून ठेवतात! आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत एकट्या 'विहान' नावाचीच चार पोरं आहेत. एकाला हाक मारली की चौघं जिन्यावरून गडगडत येतात, फुटक्या पोत्यातल्या कांद्यांसारखी!

म्हणून नातवासाठी मी नाव काढलं, उद्दालक!

"लोक हसतील, बाबा. विहानच बरं," माझी मुलगी चारुता, म्हणजे बाळाची आत्या, म्हणाली.

सूनबाई अश्लेषाला मात्र मोह पडला. "वर्गात दुसरा सापडायचा नाही! असं करू, बारशाला बाबांनी नावामागची कथा सांगायची. पाहुण्यांना आवडली तर उद्दालक, नाहीतर विहान."

"आवडेल म्हणजे काय! रडतील लोक!"

बारशाला हॉल भरला. मी उपरणं सावरून उभा राहिलो. "ऐका हो! धौम्य ऋषींच्या शेताचा बांध फुटला. शिष्य आरुणीनं माती टाकली, दगड टाकले. पाणी थांबेना! मग काय करतो? स्वतःच आडवा होतो!"

आणि मी झालो आडवा. पाळणा आणि जेवणाची टेबलं यांच्या मधोमध!

आता ठरलेलं असं, की माझा मुलगा विश्वजित गुरू होऊन हाक मारणार, "बाळ आरुणी, ऊठ!" मी उठणार. बांध फोडून उठला म्हणून गुरूंनी त्याला उद्दालक म्हटलं, हे सांगणार. टाळ्या!

हाक येईना. विश्वजित पाहुण्यांच्या गाड्या लावायला फाटकावर गेलेला! पण गुरूंच्या हाकेशिवाय आरुणी उठतो कसा? भर कथेत भाव मोडायचा? मी डोळे मिटून पडून राहिलो.

"अगं बाई, काकांना काय झालं?"

"चक्कर आली! पाणी मारा!"

तांब्याभर पाणी तोंडावर आलं. कथेला धरूनच होतं, म्हणून मी आणखी घट्ट पडलो.

"हालंना की वं म्हातारं! साखर उतरली आसंल!" वाढपी गोजरबाईंनी आख्खा बुंदीचा लाडू माझ्या तोंडात कोंबला.

"उ... द्दा... लक!" मी लाडवाआडून म्हणालो.

"बरळाया लागलं! लई वाईट लक्षण हाय. उचला!"

चौघांनी उचललं. चारुतानं हंबरडा फोडला. "बाबांच्या देखत नाव तरी ठेवून घेते!" ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं. बायकांनी रडत रडतच तिच्या पाठीत धपाटे घातले.

तेवढ्यात विश्वजित धावत आला. "बाबा! उठा!"

अखेर हाक आली! मी चौघांच्या हातांतून ताडकन उडी मारली. "आणि म्हणून त्याचं नाव..."

"विहान," बायको म्हणाली. "ठेवून झालं. घुगऱ्या घ्या."

असो. पांडुरंगाची इच्छा! पण माझी कथा वाया गेली नाही बरं का. काल लिफ्टमध्ये शेजारच्या अमृतानं विचारलं, "काय उद्दालककाका, आज उभे?" वॉचमनही तेच म्हणतो, दूधवालाही तेच म्हणतो. म्हणजे नाव लोकांना आवडलं.

फक्त ते नातवाऐवजी मला पडलं!