न निघणारं शाब्बास

ही गोष्ट दोन हजार दोन सालची. काटेकाका निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. बाहेरच्या खोलीत आधी शिवणयंत्र असायचं, त्या जागी लेकीने सासरी जाताना मागे ठेवलेला कॉम्प्युटर आला होता. काटेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. आयुष्यभर वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासले, म्हणून सगळी गल्ली त्यांना काटेकाका म्हणे. स्वभावही त्याच खात्यातला. बायकोने केलेली कुठलीही गोष्ट उत्तम झाली की ते म्हणत, "ठीक." याच्या वरचा शब्द काकूंनी संसारात ऐकला नव्हता.

लेकीने एकदा विचारलंही होतं, "बाबा, आईला कधीतरी छान म्हणा की."

"काटा मध्यावर उभा राहिला म्हणून आम्ही काट्याला हार घालत नव्हतो," काका म्हणाले. "बरोबर असणं हे त्याचं कामच आहे."

काकू लग्नाआधी टायपिंगची परीक्षा पास झाल्या होत्या. मग संसारात ते सगळं राहून गेलं. त्या वर्षी कोपऱ्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची टायपिस्ट काम सोडणार होती. पेशंटांना घरी न्यायला साध्या मराठीत सूचना टाइप करून देईल असं कुणीतरी त्यांना हवं होतं. काकूंनी धीर करून विचारलं. बाई म्हणाल्या, "सोमवारी दवाखान्यात जाताना तुमच्याकडे डोकावते. एक पान सांगेन, तेवढं टाइप करून दाखवा." चोपन्नाव्या वर्षी घराबाहेर आपली एक खुर्ची असावी, असं काकूंना फार वाटत होतं. त्या हे कुणाला बोलल्या नव्हत्या. पण रोज जेवणं आवरली की कॉम्प्युटरसमोर बसायच्या.

कॉम्प्युटरवर टायपिंग शिकवणारा एक कार्यक्रम होता. काकू त्याला 'गुरुजी' म्हणत, जरी आवाज बाईचा होता. ओळ बिनचूक झाली की तो गोड आवाज म्हणे, "शाब्बास." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काकूंनी मागे वळून पाहिलं होतं, कुणाला म्हणतंय ते. मग त्यांना सवय झाली. एक ओळ टाइप करायची, जरा थांबायचं, "शाब्बास" ऐकायचं, आणि पुढची ओळ घ्यायची. बोटं हळूहळू मोकळी होत गेली.

आत वामकुक्षी घेणाऱ्या काकांची मात्र झोप उडाली. झोपेचं एक वेळ चाललं असतं. पण इतकं स्वस्त कौतुक त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"हे खोटं वजन आहे," ते म्हणाले. "दर ओळीला शाब्बास? मापात पाप आहे यांच्या."

"ओळ बरोबर आली तरच म्हणतं हो ते."

"बरोबर आलीच पाहिजे. त्यात शाब्बास काय?"

शनिवारी काकू भाजी आणायला गेल्या, तेव्हा काकांनी गुरुजींचा निकाल लावला. खात्यात बेकायदा वजन सापडलं की ते उचलून पोत्यात टाकत. तसंच त्यांनी गुरुजींचं फोल्डर उचललं, कॉम्प्युटरच्या कचरापेटीत टाकलं आणि पेटी रिकामी केली. मग समाधानाने सोसायटीसाठी तक्रारअर्ज टाइप करायला बसले. खालच्या मजल्यावरचे बँकवाले मजकूर ऐकायला शेजारी बसले होते.

काकांनी 'सदर' लिहायला घेतलं आणि 'दसर' झालं. त्यांनी अक्षर खोडायचं बटण दाबलं.

"शाब्बास," कॉम्प्युटर म्हणाला.

बँकवाल्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी दुसरं अक्षर खोडलं.

"शाब्बास."

गुरुजी गेले होते, आवाज मागे राहिला होता. चूक कोणती आणि बरोबर काय हे सांगणारं कुणी न उरल्यामुळे तो बिचारा खोडायच्या बटणाला जाऊन चिकटला होता. आता दर चुकीला शाब्बासकी मिळू लागली. काका चुका करतात हे आजवर त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. 'पाण्याची टाकी' या दोन शब्दांपर्यंत येता येता ते सगळ्या जिन्याला कळलं.

"काका, चांगली प्रगती आहे," बँकवाले म्हणाले आणि हसू आवरत खाली गेले.

तेवढ्यात काकू आल्या. पिशवी हातात तशीच धरून त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं.

"माझे गुरुजी कुठायत?"

"काढले."

काकू रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सोमवारी बाई येणारेत." आणि भाजी निवडायला आत गेल्या.

मग काका गुरुजींना परत आणायला उठले. लेकीने खणात ठेवलेली गुरुजींची सीडी काढून घातली. पडद्यावर आलं: 'हा कार्यक्रम आधीपासून बसवलेला आहे. प्रथम तो काढून टाका.' ते काढायला गेले. पडदा म्हणाला: 'असा कोणताही कार्यक्रम सापडला नाही.'

"आहे म्हणून घालता येत नाही, आणि नाही म्हणून काढता येत नाही," काका पुटपुटले. "असा एक किराणावाला मला भेटला होता नोकरीत."

शेवटी त्यांनी जावयाला फोन लावला. जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत होता; पण सासऱ्यांशी बोलताना त्याचा आवाज नेहमी नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा व्हायचा.

"बाबा, एक विचारू का? तुम्ही ते फोल्डर नुसतंच उचलून टाकलंत का?"

"टाकलं."

"तसं टाकायचं नसतं, बाबा. त्याचे भाग सगळीकडे पसरलेले असतात. आधी सांगावं लागतं, मग निघतं."

"घर माझं, कॉम्प्युटर माझा. सांगायचं कुणाला?"

"आईला," मागून लेकीचा आवाज आला.

जावयाने घाईघाईने पुढचं सांगायला घेतलं. सीडीला अडवणारा, मागे राहिलेला आवाजाचा भाग कुठे दडलाय ते त्याने शोधून दिलं. काकांनी तो काढायला घेतला. पडद्यावर आलं: 'हा भाग वापरात असल्यामुळे काढता येत नाही.'

"वापरात? कोण वापरतंय?" काकांनी फोन कानाला तसाच ठेवून खोलीभर पाहिलं.

"मी इथे गवार मोडतेय," आतून काकू म्हणाल्या.

"कुणीच वापरत नाही, जावईबापू. हा धडधडीत खोटं बोलतोय."

"बाबा, बंद करून परत चालू करा. आणि तो जागा व्हायच्या आत काढा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हा खेळ चालला. कधी आवाज आधी जागा होई, कधी काकांचं बोट उशिरा पोचे. अखेर एकदाचा तो भाग निघाला. काकांनी खोडायचं बटण दाबून पाहिलं. सगळं शांत.

"आता सीडी घाला," जावई फोनवर म्हणाला. "पण आधी स्वच्छ पुसून घ्या हं."

पुसण्याच्या बाबतीत काकांना कुणी शिकवायची गरज नव्हती. नोकरीतली पितळी वजनं ज्या पावडरीने ते चकचकीत करत, तिचा डबा अजून कपाटात होता. त्यांनी सीडी दोन्ही बाजूंनी, मनापासून, गोल गोल घासली. तिच्यात आरपार दिसायला लागलं तेव्हा ते थांबले.

"ठीक झालं?" काकूंनी विचारलं.

काकांनी सीडी पाठीमागे धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना 'ठीक' म्हणता आलं नाही.

सोमवारी डॉक्टरीणबाई वेळेवर आल्या. काकू कोऱ्या पडद्यासमोर बसल्या. काका दाराच्या पडद्याआड स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून उभे होते.

"घ्या," बाई म्हणाल्या. "डोळ्याला पाणी लागू देऊ नये."

काकूंनी ओळ टाइप केली, आणि थांबल्या. सवयीने. खोलीत काहीच आवाज झाला नाही. त्यांची बोटं कळांवर तशीच राहिली. बाईंनी पुढची ओळ सांगितली. काकूंनी सुरुवात केली, चुकल्या, खोडलं, परत चुकल्या. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"काकू, राहू दे का? पुन्हा कधीतरी बघू."

काकांना आतून फक्त कळांचा आवाज येत होता. तो अडखळत होता, आणि आता थांबला होता.

"शाब्बास," स्वयंपाकघरातून आवाज आला.

तो गोड नव्हता. माल जप्त करताना काढावा तसा होता. बाई दचकल्या. काकू मात्र खुर्चीत नीट बसल्या.

"सांगा, बाई. डोळा?"

"डोळा चोळू नये."

कळा चालल्या, ओळ संपली.

"शाब्बास."

"खाली वाकून जड वस्तू उचलू नये."

"शाब्बास."

पान पुरं झालं तेव्हा कळा पावसासारख्या वाजत होत्या. बाईंनी कागद वाचला. "एकच चूक आहे. उद्यापासून या." मग दारापाशी त्या थांबल्या. "पण आत कोण आहे?"

"जुना प्रोग्राम आहे," काकू म्हणाल्या. "काढायचा म्हटलं तरी निघत नाही."

बाई गेल्यावर काका बाहेर आले. कागद हातात घेऊन त्यांनी ती चूक शोधून काढली.

"मग न बघताच शाब्बास म्हणत होतात?" काकूंनी विचारलं.

"बघायचं काय त्यात," काका म्हणाले. "मला माहीत नाही का."

काकू त्या दवाखान्यात बारा वर्षं होत्या, आणि गल्लीतल्या निम्म्या लोकांनी डोळा चोळू नये हे त्यांच्याच टायपिंगमधून वाचलं. डॉक्टरीणबाईंनी पुढे मोठा दवाखाना काढला. बँकवाले दुसरीकडे राहायला गेले. तक्रारअर्ज मात्र कुणीच पुरा केला नाही. जावयाला सासऱ्यांची भीती वाटेनाशी झाली, कारण एकदा बाहेरच्या खोलीत बसून त्याने त्यांच्याकडून सीडीची हकीकत ऐकली. ती आरपार सीडी काकूंनी कित्येक वर्षं चहाच्या कपाखाली ठेवली. काका त्यानंतरही तोंडावर कधी काही म्हणाले नाहीत. जे म्हणायचं ते दुसऱ्या खोलीतून.

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. काकू नातवंडांना लांबलचक मजकूर पाठवतात, स्वतः टाइप करून. ओळ संपली की जरा थांबतात. मग पुढची ओळ घेतात.