कडी मजबूत आहे

मला आजवर कुणीही फसवलेलं नाही! पाठीवर सॅक टाकून कमीत कमी खर्चात फिरायचं, तर संशय हाच खरा सोबती. त्यामुळे आत्या म्हणाली, "मला एकदा ते बंदराचं शहर आणि तिथला दीपस्तंभ दाखव रे," तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "चल! अट एकच. तिथं कुणाशी बोलायचं नाही!"

बसमधून उतरेपर्यंत आत्याचे कंडक्टरला गुडघेदुखीवर तीन उपाय सांगून झाले होते.

आम्ही सगळ्यात स्वस्त वसतिगृहात उतरलो. मालक "या, या" म्हणत हसला. एवढं हसण्यासारखं काय होतं? मी उशी पिळून पाहिली, आरशाच्या मागे डोकावलो, नळसुद्धा दोनदा उघडून बंद केला. नळ तेवढा प्रामाणिक निघाला.

सकाळी बंदरावर गेलो. क्रेन अशा माना वाकवून उभ्या होत्या, जणू पाण्यात पडलेलं काहीतरी शोधताहेत. आणि दूर, बंदराच्या तोंडाशी, एका बेटावर दीपस्तंभ.

"तो बघ तुझा दीपस्तंभ! फुकट!" मी म्हणालो.

"हा? ही तर आगकाडी."

"मग दीपस्तंभ कसा असतो?"

"पाण्यावरून बघायचाय रे मला. तुझे आतोबा सांगायचे, बोट परत येताना आधी दिवा दिसतो, मग आपोआप घर आठवतं. ते त्यांना कसं दिसत असेल, तेवढंच बघायचंय."

तेवढ्यात लाल टोपी घातलेला एक नाववाला समोर उभा राहिला. "दीपस्तंभ, साहेब? नेऊन आणतो."

वेळ बघा! आम्ही दीपस्तंभ म्हणायला आणि हा उगवायला! पाळत होती, दुसरं काय? "नको!" मी ओरडलो आणि आत्याला ओढत निघालो. आत्या चालता चालता गुणगुणली,

"दूर दिव्याचा ठिपका, मध्ये पाण्याचा पसारा,
माझ्या शहाण्या भाच्याला पुरे कोरडा किनारा."

तिला लहानपणापासून असं जुळवायची खोड आहे. मी लक्ष दिलं नाही.

आता बघायचा होता धक्क्यावरचा घड्याळाचा मनोरा. तिथं सॅक आत नेऊ देत नव्हते. दारावरचा माणूस म्हणाला, "इथं ठेवा, मी बघतो."

काय बघतो? आत काय आहे ते? सॅकमध्ये आमचे कपडे होते, परतीची तिकिटं होती, सगळं सगळं होतं! मी सायकलची जाडजूड साखळी आणि कुलूप घेऊनच निघालो होतो. प्रश्न एवढाच, की बांधायची कशाला?

मी इकडेतिकडे शोधत होतो, तोवर आत्या लाल टोपीवाल्याशी गप्पा मारत होती. अट गेली खड्ड्यात! मग ती लगबगीने आली. "अरे, त्या पिंपांशेजारी लोखंडी कडी आहे बघ. चांगली मजबूत दिसते."

खरंच, धक्क्याला लागून सपाट लोखंडी जागा होती. वर पाण्याची पिंपं, रंगाचे डबे आणि हाताएवढी जाड कडी. मी सॅक बांधली, कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं आणि किल्ली आत्याकडे दिली. या अख्ख्या शहरात माझा विश्वास होता तो तिच्या एकटीवरच.

"साहेब, तिथं नका बांधू," लाल टोपीवाला धावत आला. "तो धक्का नाहीये, तो..."

"का? तुमची सोय होत नाही का?"

"अहो, पण तो..."

"एक शब्द बोलू नका!"

तो खांदे उडवून चहा प्यायला गेला.

मनोऱ्याच्या टोकावरून शहर सुरेख दिसत होतं. छपरं, शिडं, आणि एक बुटकी बोट धूर सोडत एक सपाट तराफा ओढून नेत होती. तराफ्यावर पाण्याची पिंपं, रंगाचे डबे आणि... निळी सॅक!

"आत्याऽऽ!"

आम्ही खाली कसे आलो, ते पायऱ्यांनाच विचारा. लाल टोपीवाल्याने चहा फेकला. "बसा नावेत!"

"घेणार किती?"

"आधी बसा हो!"

तराफा गाठला. खलाशाने हात देऊन वर घेतलं. "किल्ली काढा, सॅक सोडवा आणि उतरा पटकन."

आत्याने पिशवी उलटी केली. कंगवा, चष्मा, बडीशेप. "अगं बाई! पडली वाटतं कुठेतरी."

"मग करवत लागेल," खलाशी म्हणाला. "ती बेटावर, दीपस्तंभाच्या रखवालदाराकडे."

आलं सगळं लक्षात! लाल टोपी, खलाशी, रखवालदार, मोठी टोळी होती! आम्हाला पळवून नेत होते! मी सॅकला मिठी मारून बसलो. आत्या पिंपावर बसली, पाय हलवत, वाऱ्याकडे तोंड करून. दीपस्तंभ जवळ येत गेला. आगकाडीची मेणबत्ती झाली, मेणबत्तीचा मनोरा. आत्याने गुणगुणणं थांबवलं. डोळे मात्र पुसले नाहीत. म्हणाली, "खारं पाणी उडतंय."

रखवालदाराने साखळी कापली, चहा दिला. गुंगीचं औषध असणार म्हणून मी शिवलो नाही. आत्याने दोन्ही कप संपवले आणि टुणटुणीत राहून वर दिव्यापर्यंत जाऊन आली. मागोमाग नाव घेऊन आलेल्या लाल टोपीवाल्याने आम्हाला परत सोडलं आणि एक पैसाही घेतला नाही. हे तर फारच संशयास्पद!

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये आत्या म्हणाली, "पेपरमिंट खातोस?" तिने रुमालाची गाठ सोडली. माझ्या तळहातावर एक पेपरमिंट पडलं.

आणि किल्ली.

मी किल्लीकडे पाहिलं. मग आत्याकडे. मग एकदम आठवलं, ती कडी मजबूत आहे असं मला सांगितलं कोणी!

"तो तराफा कुठं जाणार, हे तुला माहीत होतं?"

"त्या लाल टोपीवाल्यानेच तर सांगितलं. चांगला आहे रे तो."

मी पेपरमिंट चघळू लागलो. आत्याने खिडकीला डोकं टेकवलं, डोळे मिटले.

"पुढच्या वर्षी बर्फाचे डोंगर बघू," ती म्हणाली. "नवी साखळी घे हं."