फ्लेक्सवरचा राजदीप

मारोतरावांना आयुष्यात कोणी फसवलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगत! पांढरकवड्याच्या अलीकडे त्यांचं कपाशीचं वावर. बियाणं घेताना पिशवीवरच्या चित्राकडे ते ढुंकूनही बघत नसत. मागच्या साली ते कोणी पेरलं याचा पत्ता काढायचा, त्याच्या बांधावर जायचं आणि उभं पीक बघायचं. बस्स!

म्हणूनच त्यांच्या मुलीनं, अपेक्षानं, क्लाउड कॉम्प्युटिंगच्या सर्टिफिकेटसाठी फोनवर रेटिंगचे तारे बघून नागपूरचा क्लास निवडला, तेव्हा ते खो-खो हसले.

"फोनवरचे तारे कोनीबी देते! यवतमाळच्या त्या क्लासच्या फ्लेक्सवर नोकरी लागलेल्या पोरायचे फोटो आहेत. त्यातलं एक वणीचं आहे, नावासकट. मी पीक पाहून येतो!"

बाबांनी अपेक्षाला हे एकच वर्ष दिलं होतं. परीक्षा पास झाली तर नोकरी, नाही तर लग्न. क्लास चुकला की वर्ष गेलं, आणि ते परत मागायची सोय नव्हती.

वणीत विचारत विचारत मारोतराव फ्लेक्सवरच्या त्या राजदीपच्या घरी पोचले. त्याची आई विजयमालाबाई अंगण झाडत होत्या.

"पोरीसाठी आलो जी," मारोतराव म्हणाले. "तुमच्या राजदीपची जरा विचारपूस करायची होती."

बाईंच्या हातातला झाडूच गळाला! लग्नाचं वय टळत चाललेल्या त्या पोरासाठी आजवर कोणी उंबरा चढलं नव्हतं. डोक्यावर पदर, खुर्ची, पाणी, पोहे, सगळं मारोतरावांची चप्पल निघायच्या आत हजर!

"कोर्स केल्याबरोबर लागला नं नोकरीले?"

"लगेच! दिवसभर कॉम्प्युटरसमोरच असते."

"एसीत?"

"एसीतच जी! कॉम्प्युटरले ऊन चालत नाही."

"संगतीनं बिघडला तं नाही?"

"सुपारीचं खांड खात नाही माहा पोरगा! बरं, पोरीची उंची किती?"

मारोतराव चमकले. क्लासातल्या खुर्च्या उंच असतील बहुधा! त्यांनी उंची सांगितली. मग बाईंनी मामाकडचं आडनाव विचारलं, तेही सांगितलं. वणीची माणसं भारी चौकस, एवढंच त्यांच्या मनात आलं. निघताना वर आमंत्रणही देऊन बसले, "राजदीपले घेऊन या एकदा. पोरीले समोरासमोर बोलू द्या!"

रविवारी दारात गाडी थांबली. विजयमालाबाई, राजदीपचा मामा, कडक इस्त्रीच्या शर्टातला राजदीप आणि पेढ्यांचा डबा! मारोतराव गहिवरले. बायकोला म्हणाले, "पाह्य विमल, पोरीले क्लासची माहिती द्यायले अख्खं घर आलं! कुठं मिळतात अशी मानसं?"

विमलताईंना पेढे बघून शंका आली, पण तोवर अपेक्षा समोर येऊन बसलीही होती. तिनं सरळ विचारलं, "लॅब रोज मिळते का? शिकवणाऱ्यानं स्वतः परीक्षा दिली आहे का? तुमची परीक्षा कधी झाली?"

मामा खूश. "पोरगी हुशार आहे!"

राजदीपनं मात्र आईकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे, आणि मान खाली घातली.

"तिथं जाऊ नका. सर मोबाइलवरचे व्हिडिओ लावून निघून जायचे. परीक्षेची तारीख कधी आलीच नाही. फ्लेक्सवरचा फोटो ॲडमिशनच्या दिवशी काढला होता. मी कोळशाच्या ट्रकच्या वजनकाट्यावर बसतो."

"राज्या, चूप!" विजयमालाबाईंचा आवाज चिरकला.

मामा उठलाच. "पोरगी पाहायले आनलं तुले, आन् हे काय बोलून राह्यला?"

"पोरगी पाहायले?" मारोतराव ओरडले. "मी तं क्लास पाहून राह्यलो होतो!"

विजयमालाबाईंना सारं उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा पदर सावरून त्या राजदीपच्या खांद्याला धरून उठल्या. दारापाशी थांबून हलकेच म्हणाल्या, "क्लास खराब होता भाऊ. माहा पोरगा नाही."

गाडी गेली. पेढ्यांचा डबा तसाच राहिला.

अपेक्षा नागपूरला गेली. तिचं वर्ष वाचलं ते त्या पोरामुळे, हे घरात सगळ्यांना कळत होतं. ती गेली त्या संध्याकाळी विमलताईंनी डबा उघडून नवऱ्यापुढे एक पेढा ठेवला.

"तुमीच म्हनता नं, उभं पीक पाहावं? भर सभेत खरं बोललं ते पोरगं. आपल्या पोरीसाठी वाईट होतं का?"

मारोतरावांनी पेढा तोंडात टाकला आणि बोलून गेले, "वजनकाट्यावाल्याले कोन पोरगी देते?"

मग तो पेढा काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना.