एका दिवसाचा उतारू

आयुष्यात एक दिवस तरी काहीही न करता घालवायचा, असे मी एकदा ठरवले आणि तसा घालवलाही. हे मी आजही अभिमानाने सांगतो. त्या दिवशी पाच माणसे आणि एक कोंबडी खाडीच्या मधोमध वाळूत अडकून पडली, ही गोष्ट वेगळी. (कोंबडीने तक्रार केली नाही.)

मी तारी. आमच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. या काठाची माणसे होडीत घालून त्या काठाला सोडायची आणि तिकडची इकडे आणायची, हा माझा धंदा. शाळेत मी फार टिकलो नाही. शाळा पलीकडच्या काठाला होती, आणि वडिलांनी मला मध्येच हातात वल्हे दिले. नाव विश्राम. (आईबापांना वाटले असेल, निदान नावात तरी असू दे.)

देश स्वतंत्र होऊन दहा-बारा वर्षे झाली होती आणि ज्याला त्याला सुट्ट्या मिळत होत्या. मास्तरांना रविवार आणि वर मे महिना. कचेरीतल्या साहेबांना तर मी ज्यांची नावे ऐकली नव्हती अशा सणांचीही सुट्टी. मासे धरणाऱ्यांना पावसाळा. तारीला मात्र काही नाही. उलट ज्या दिवशी सगळ्यांना सुट्टी, त्या दिवशी सगळे फिरायला निघतात आणि होडी फुटेस्तोवर भरते.

माझी बायको कावेरी पलीकडच्या गावची. दरवर्षी तुळशीचे लग्न झाले की मी तिला माहेरी पोचवायचो. पोचवायचो म्हणजे काठापर्यंत. ती उतरून गाठोडे डोक्यावर घ्यायची, आणि मी परतीचे उतारू घेऊन वळायचो. सासऱ्यांच्या घरात जावई म्हणून मी लग्नानंतर पानावर बसलोच नव्हतो. पहिली काही वर्षे सासरे, म्हणजे अप्पा, काठावर येऊन उभे राहत. मी लांबून हात करी, तेही करीत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि तेवढेही थांबले.

त्या वर्षी कावेरी म्हणाली, “अप्पांनी सांगान धाडल्यानी. औंदा जावयाक दुपारच्या जेवणाक घेवनच ये म्हणान.”

“आणि होडी?”

“होडी काय लहान पोर आसा, एक दिवस तुमी नसलास तर रडात?”

एवढे बोलून ती चुलीकडे वळली. पण वळताना तिने डोळ्याला पदर लावला. चुलीत तेव्हा धूर नव्हता, हे मी पाहिले. मी म्हटले, “येतंय.”

झाले. ठरले. नुसते जेवायला जायचे नाही, तर दिवसभर वल्ह्याला आणि बांबूला हात लावायचा नाही, हेही मी मनात ठरवून टाकले. उतारू म्हणजे उतारू.

होडी दिली चुलतभाऊ महादूकडे. अंगाने माझ्यासारखाच, नाक तर तेच. फक्त माझ्या वाटणीचे सगळे शब्द देवाने त्याच्या तोंडात घातले होते. आदल्या दिवशी मी त्याला होडीत मागे उभे करून वाट दाखवली. आमच्या खाडीत मध्ये वाळूचा मोठा पट्टा आहे. भरतीला तो दिसत नाही, ओहोटीला सोडत नाही. त्यातून नेमकी वाट आहे.

“हां बघ,” मी म्हटले, “पुढे त्या काठाचो पांढरो खुरीस. मागे आमच्या दांडीवरचां तांबडां लुगडां. दोनय एका रेषेत ठेव. रेष मोडली की वाळू.”

“इतक्यांच?”

“इतक्यांच.”

“मगे इतकी वर्षां तू कसलो मोठेपणा मिरवतंस रे दादा? ह्यां तर वासरूय करीत!”

खुरीस म्हणजे ख्रिस्ती लोकांचा चुन्याने रंगवलेला क्रूस. मागची खूण वडिलांच्या वेळी एक माड होता. तो वादळात पडला, आणि तेव्हापासून माझी नजर आपोआप आमच्या अंगणातल्या, कपडे वाळत घालायच्या दांडीवर जाऊ लागली. कावेरीकडे लुगडी दोन आणि दोन्ही तांबडी. (लग्नात मी तिला तांबडे शोभते म्हणालो होतो. पुढे दुसरे काही सुचले नाही, म्हणून तांबडेच आणत राहिलो.) एक अंगावर, एक दांडीवर. सूर्य चुकेल, पण ते लुगडे चुकणार नाही.

सकाळी मी नवा पांढरा शर्ट घातला, काळी टोपी घातली आणि होडीत मधल्या फळीवर जाऊन बसलो. कावेरी पुढच्या टोकाला बसली. गावातली आपोलिना आली, एका काखेत कोंबडी आणि डोक्यावर पावांची टोपली. लेकीकडे चालली होती. मागून छत्री घेऊन काशिनाथ मास्तर आले. ते रोज पलीकडच्या शाळेत जात.

आपोलिनाने मला नखशिखांत पाहिले. “सायबा रे! विश्राम, आज कोणाच्या लग्नाक?”

“आज मी पॅसेंजर.”

“मगे पैसे दी मेल्या!”

मी महादूच्या हातावर पैसे ठेवले. (त्याने ते उजेडात धरून पाहिले.)

होडी निघाली. आणि मी सुरू केले, म्हणजे काहीच न करायला सुरू केले. ते वाटते तितके सोपे नाही. सुरुवातीला महादूने बांबू टोचला की माझे खांदे हलत. मग मी हात पाण्यात सोडला. पाणी गार असते हे मला त्या दिवशी कळले. माहीत आधीपासून होते, पण कळले तेव्हा. वर ढग होते, तेही बघितले. तारीला ढग दिसतात ते फक्त पावसाचे आहेत की नाहीत एवढ्यापुरते. हे ढग कशाचेच नव्हते. ते मला फार आवडले.

आणि समोर कावेरी. एरवी ती होडीत माहेराकडे तोंड करून बसते आणि मी मागे उभा, त्यामुळे इतकी वर्षे मी होडीत पाहिला तो तिचा अंबाडा. आज ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर पाण्याचा उजेड हलत होता. नाकात माहेरची नथ. मी बघत राहिलो. ती म्हणाली, “काय बघतास? लोका आसत.” मी तरीही बघत राहिलो. सुट्टी होती.

तेवढ्यात होडीच्या तळाशी खर्रर्र झाले, आपोलिनाची टोपली मास्तरांच्या मांडीवर गेली आणि आम्ही उभे राहिलो. म्हणजे होडी उभी राहिली. वाळूत.

“महादू! काय केलंस रे?”

“काय करतलंय? तू सांगलंस तसांच. पुढे खुरीस आणि तांबडां लुगडां. रेष इल्लीशी मोडूक नाय!”

“लुगडां खंय बघलंस?”

महादूने ऐटीत बोट केले. होडीच्या टोकाला, तांबड्या लुगड्यात, कावेरी बसली होती. तिच्या बरोबर डोक्यावर खुरीस.

मी वळून आमच्या अंगणाकडे पाहिले. दांडी मोकळी.

“घरात कोण नाय,” कावेरी म्हणाली, “मगे वाळत घातलेलां काढतलां कोण? दुसरां ह्या गाठोड्यात आसा.”

आता होडीतलीच खूण धरली, की होडी कुठेही जावो, रेष मोडत नाही. ओहोटी आम्हाला बाजूने समुद्राकडे ओढत होती आणि महादू वहिनी आणि खुरीस यांची रेष जिवापाड सांभाळत होता. बोलणार तरी काय? मी स्वतः त्याच लुगड्याकडे बघत होतो, आणि मलाही सगळे जागच्या जागी दिसत होते.

ढकलून पाहिले म्हणजे महादूने पाहिले. पण पाणी भराभर उतरत होते. घटकाभरात होडीभोवती कोरडी वाळू झाली. भरती येईपर्यंत इलाज नव्हता, आणि भरती उन्हे कलल्यावर.

कावेरी उठून उभी राहिली. पलीकडचा काठ हाकेवर होता, पण मधल्या वाटेला माणूस बुडेल एवढे पाणी. काठावर तिची भावजय येऊन हात करत होती. मग तीही गेली. जेवण थांबवून ठेवले असणार. कावेरी काही बोलली नाही. तिचे न बोलणे मला कळते. मी घरात तेच करतो, त्यामुळे सराव आहे.

“मास्तर,” आपोलिना म्हणाली, “तुमची शाळा?”

मास्तर घड्याळाकडे बघत होते. मग त्यांनी ते खिशात टाकले. “घंटा होऊन गेली. म्हणजे मुलांना आज सुट्टी मिळाली.” थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, “म्हणजे मलाही.” आणि त्यांनी चपला काढल्या, धोतर खोचले आणि ओल्या वाळूत खेकड्यांच्या मागे धावू लागले. मास्तरांना गुडघे आहेत हे गावात कोणी पाहिले नव्हते.

आपोलिनाने पाव काढले. कावेरीच्या गाठोड्यात भाचरांसाठी गुळात घोळवलेले खाजे होते. तिने ते आधी घट्ट धरून ठेवले आणि मग सोडले. पावाबरोबर खाजे कोणी खाऊन बघावे. आम्ही वाळू उकरून शिंपल्या काढल्या. मी पाठीवर पडलो. या वाळूवरून मी जन्मभर होडी नेली, पण पाठ टेकली नव्हती. उबदार होती. कोंबडीनेही जागा उकरून घेतली आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने कावेरी माझ्या बाजूला येऊन बसली. पाय पाण्यात सोडून.

“मी माहेराक निघालंय की हयच माहेर केलंय?” ती म्हणाली.

मी हाताशी आलेली शिंपली उलटसुलट केली.

“अप्पा वाट बघीत बसले असतले.”

मी शिंपली पाण्यात टाकली.

मग पाण्याकडे बघत ती म्हणाली, “तरी एक बरां झालां. इतक्या वर्षांनी तुमी बाजूक बसलास.”

मी तारी असून मला त्या क्षणी भरती येऊ नये असे वाटले. (हे धंद्याला शोभणारे नाही.)

भरती आलीच. होडी डुलू लागली, पण उचलेना. महादू मागे बांबू घेऊन उभा राहिला आणि ओरडला, “उतरा सगळी! ढकला!”

सगळे उतरले. मी बसून राहिलो. ठरवले ते ठरवले.

“रे, उतर!” आपोलिना कंबरभर पाण्यातून ओरडली.

“मी पॅसेंजर.”

“मगे आमी कोण? मासे?”

“विश्राम,” मास्तर धापा टाकत म्हणाले, “मीही पैसे दिले आहेत.”

मी तरी हललो नाही. मग कावेरीने माझ्याकडे एकदा पाहिले आणि पलीकडे पाहिले, जिथे आता संध्याकाळच्या चुलींचा धूर दिसत होता. मी उतरलो. नवा शर्ट आणि टोपी तेवढी काढून महादूकडे दिली, सांभाळ म्हणून. बांबूला मात्र हात लावला नाही. खांदा लावला. खांद्याचे मी काही ठरवले नव्हते.

एकाच रेट्यात होडी सुटली. आणि मी तोंडावर चिखलात पडलो.

काठाला लागलो तेव्हा दिवे लागत होते. आपोलिना आणि मास्तर आपापल्या वाटेने गेले. कावेरी पुढे पळाली आणि घराच्या मागल्या दाराने आत. मी आणि महादू पुढून. मी उघडा, कंबरेपर्यंत ओला, कानात वाळू. महादूच्या अंगावर माझा पांढरा शर्ट आणि डोक्यावर माझी टोपी. वाऱ्याने थंडी वाजली आणि शर्ट अंगावरच जास्त सांभाळला जातो, असे त्याचे म्हणणे होते.

ओटीवर अप्पा बसले होते. हाताचा आडोसा करून त्यांनी आम्हाला न्याहाळले. मग उठून दोन्ही हातांनी महादूचे हात धरले.

“येवा, जावयबापू! इतक्या वर्षांनी पाय लागले.”

महादू बोलायला गेला, पण अप्पांनी त्याला ओढत आत नेऊन पाटावर बसवलेसुद्धा. वडे, कोंबडीचा रस्सा, सोलकढी. वास बाहेरपर्यंत आला. मी दाराशी उभा. तोंड उघडणार, तेवढ्यात अप्पा माझ्याकडे वळले.

“तू काय रे बदली तारी? होडी वाळूत घातलंस ती? माझां चेडू, माझी लेक, दिवसभर उन्हात!”

मी कानातली वाळू काढली.

“अरे, ह्यो बघ आमचो जावई. इतक्या वर्षांत माझ्या चेडवाच्या अंगार पाण्याचो शिंतोडो उडवक नाय. पावसात नाय, वादळात नाय. वेळ चुकवक नाय. गर्व म्हणान सांगत नाय, पण अशो तारी ह्या किनाऱ्यार दुसरो नाय.” त्यांचा आवाज भरून आला. “शिक काय तरी तेच्याकडसून.”

मी खरे तर सांगणार होतो. पण माझ्याविषयी इतके चांगले कोणी माझ्यासमोर बोलले नव्हते, आणि मध्येच तोंड घालून ते थांबवणे मला बरे वाटले नाही. मी ओटीच्या पायरीवर बसलो. आत स्वयंपाकघराच्या दाराआड कावेरी उभी होती, तोंडात अर्धा पदर कोंबून, आणि तिचे खांदे हलत होते. तिच्याकडून मदतीची आशा नव्हती.

अप्पांनी माझ्यापुढे पेजेची वाटी आणि लोणचे पाठवले. मग ते महादूच्या पानाशी बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्रेमाने म्हणाले,

“जावयबापू, एक सांगू? राग मानू नकात. पुढच्या वर्षी तुमी जेवक येव नकात. तुमी होडीवरच बरे.”

महादूने तोंडातला वडा सांभाळत माझ्या वतीने मान डोलावली.